बी पडेल तेव्हा वर्ग : देशी झाडं शिकवण्याच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

प्रकल्पाला मंजुरी मिळाली. उद्यानविद्येच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कोकणातली स्थानिक झाडं आणि त्यांच्याभोवतीचं जीवन शिकवायचं, आणि रोपवाटिकेच्या मागच्या मोकळ्या जागेत देशी झाडांची रोपं तयार करायची. वर्गात काही मुलं सिंधुदुर्ग-रत्नागिरीची आहेत, बरीचशी घाटावरची. सांगलीच्या मुलाला द्राक्षाची छाटणी तोंडपाठ, सोलापूरच्या मुलीला डाळिंबाचा बहार. किंजळ हे कोकणातलं रानझाड मात्र दोघांनीही पाहिलेलं नाही. कुडाळच्या मुलांनी ते रोज पाहिलं आहे, नाव माहीत नाही.

सुरुवात म्हणून उद्यान रचनेच्या तासाला त्यांनी काढलेले आराखडे मागवून घेतले. विषय होता वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याजवळच्या विश्रामगृहाची बाग. जवळपास प्रत्येक कागदावर रॉयल पाम, फॉक्सटेल पाम, कडेला पिवळा ड्युरांटा, सावलीला गुलमोहर, समुद्राच्या बाजूला सुरूची रांग. कोकणातलं म्हणावं असं एकही झाड नाही. यात मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. नर्सरीच्या दरपत्रकात जे असतं तेच आराखड्यात उतरतं. उंडी, सुरंगी, अंजनी, किंजळ यांची रोपं सहसा विकतच मिळत नाहीत. तेव्हा नुसती ओळख करून देऊन भागणार नाही. रोप हाताने करता आलं पाहिजे, तरच ते झाड आराखड्यात येईल.

१६ जानेवारी

नोंदीचा तक्ता ठरवला. झाडाचं गावातलं नाव, ते कुठे उभं आहे, त्याच्यावर कोण येतं, फळ कधी पिकतं, आणि बी सुकलेलं चालतं की नाही. शास्त्रीय नाव शेवटच्या रकान्यात. प्रत्येकाने पाच झाडं निवडायची आणि वर्षभर त्यांच्याकडे जात राहायचं.

एका मुलाने विचारलं, "म्हणजे मॅडम, बाहेरची झाडं वाईट का?" चांगला प्रश्न होता, तास त्यातच गेला. काजू ब्राझीलचा, पोर्तुगिजांनी आणला, आणि आज इथली कितीतरी घरं त्यावर चालतात. चिकू, पेरू, अननस, पपई, मिरची, सगळे अमेरिकेतून आले. शेताच्या बांधावरचं गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं, गुलमोहर मादागास्करचा. यांच्याशी भांडण नाही. रानमोडी या झुडपाचं तसं नाही. तीही अमेरिकेतलीच, पण मोकळी झालेली प्रत्येक जागा ती गिळते आणि तिच्याखाली दुसरं काही उगवू देत नाही. झाड कुठलं आहे एवढंच विचारून थांबायचं नाही, इथे आल्यावर ते काय करतं हेही बघायचं, एवढं मुलांना पटलं.

३० जानेवारी

हापूसच्या मोहोरावर सकाळचं निरीक्षण. पेन, कागद, आणि गप्प बसणं. मुलांना मधमाश्यांची अपेक्षा होती. दिसल्या त्या मुख्यतः माश्या: साध्या, निळ्या-हिरव्या, आणि फुलापाशी हवेत एका जागी थबकणाऱ्या. थोड्या सातेरी, फुलोरी, आणि डंख नसलेल्या बारीक मधमाश्या. आंब्याच्या मोहोरात बहुतेक फुलं नर असतात, द्विलिंगी थोडीच, आणि त्या थोडक्यांपर्यंत परागकण पोचवायचं काम मोठ्या प्रमाणात या माश्या करतात.

मग गडग्याकडे, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणाकडे, गेलो. गडग्याच्या बाहेर करवंदीच्या जाळ्या, धायटी, अंजनी, कुजलेला पाला. या माश्यांच्या अळ्या वाढतात कुठे, हे तिथे बसून समजावता आलं. हवेत थबकणाऱ्या माश्यांच्या कित्येक जातींच्या अळ्या मावा खातात, काहींच्या कुजक्या पाल्यात वाढतात. मोहोर दोन-तीन महिन्यांचा, उरलेलं वर्ष या किड्यांनी जगायचं कशावर? बाग "स्वच्छ" ठेवायची म्हणून गडग्यापर्यंत सगळं तोडून जाळणारे बागायतदार याच मुलांकडे उद्या सल्ला मागायला येणार आहेत. म्हणून ही सकाळ मला फार महत्त्वाची वाटते.

१२ मार्च

वेंगुर्ले तालुक्यात आसोलीला सुरंगी पाहायला गेलो. पहाटेच निघालो, कारण कळी उमलायच्या आत काढावी लागते. फुलं पानांच्या मागे, थेट फांदीच्या लाकडावर झुबक्यांनी येतात. हंगाम थोड्या आठवड्यांचा. कळ्यांचे वळेसर, म्हणजे गजरे, होतात, सुकवलेली फुलं अत्तराच्या व्यापाऱ्याकडे जातात. एकेका घराला या झाडांमुळे हंगामात चांगला पैसा मिळतो, आणि तरीही फळझाडं, फुलझाडं, मसाला पिकं यांपैकी कुठल्याच धड्यात सुरंगी नाही.

झाडं बहुतेक जुनी, आज्या-पणज्यांच्या काळातली. नवीन लावलेली फार थोडी दिसली. ज्यांच्या परसात गेलो त्या आजींना विचारलं, रोप कसं करतात. त्या म्हणाल्या, "पावसाच्या तोंडार फळ पडता. बी सुकूक देव नकात. सुकला काय मग रुजना नाय." सोलापूरच्या मुलीने हे वाक्य तक्त्यात जसंच्या तसं लिहून घेतलं. आमचा पुढचा सगळा कार्यक्रम या वाक्यावर ठरणार आहे.

२६ मार्च

काजूच्या बागेत ओंबिलांची घरटी पाहिली. पानं शिवून केलेली, आत लाल मुंग्या. काजू काढणारे त्यांना वैतागतात, चावतात म्हणून घरटी जाळतात. पण ढेकण्या हा किडा काजूच्या कोवळ्या पालवीचा आणि मोहोराचा रस शोषतो, आणि ओंबिलं असलेल्या झाडावर त्याचा उपद्रव कमी राहतो. काढणीच्या दिवसांत त्रास, पालवीच्या दिवसांत राखण. दोन्ही बाजू मुलांनी लिहिल्या.

१० एप्रिल

आज वर्षाचं वेळापत्रक आणि झाडांचं वेळापत्रक शेजारी शेजारी मांडलं.

ऐन आणि किंजळ यांची पंख असलेली कोरडी फळं उन्हाळ्यात मिळतात, पिशवीत भरून ठेवता येतात. त्यांची चिंता नाही. कोकम, जांभूळ, सुरंगी, करवंद, रायवळ (बियांपासून वाढलेला गावठी) आंबा ही मंडळी मात्र एप्रिलच्या शेवटापासून जूनपर्यंत पिकतात. यांतल्या बहुतेकांचं बी ओलं असतं आणि वाळवणीला टिकत नाही. गर काढून, धुऊन, सावलीत निथळून लगेच पेरावं लागतं. जांभळाचं बी पंधरवडाभर ठेवलं तरी त्याचा जोम जातो. नेमके हेच आठवडे आमच्या परीक्षेचे आणि सुट्टीचे. जुलैत वर्ग भरतो तेव्हा रानात जमिनीवर काहीच उरलेलं नसतं, जे होतं ते एकतर रुजलं, नाहीतर कुजलं.

इथली झाडं अभ्यासक्रमात असूनही केवळ चित्रापुरती उरतात त्याचं कारण मला यात दिसतं. गुलाबाचं छाटकलम कधीही शिकवता येतं, जास्वंदीचं आणि क्रोटनचंही. कोकणातल्या झाडाला मात्र त्याच्या वेळेला गाठावं लागतं.

उपाय असा ठरवला: स्थानिक मुलांनी सुट्टीत आपापल्या गावात बी गोळा करायचं आणि घरच्याच खळ्यात, म्हणजे अंगणात, पिशव्या भरून पेरायचं. जुलैत येताना रोपं आणायची. घाटावरच्या मुलांनी आपल्या गावच्या देशी झाडांची तीच नोंद करायची. जी मुलं परीक्षेनंतर थोडे दिवस थांबायला तयार आहेत ती माझ्यासोबत रोपवाटिकेत.

७ मे

बिया येऊ लागल्या. मालवणच्या मुलाने रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, बिया आणल्या, त्याच्या आईने आगळासाठी (कोकमाच्या रसासाठी) फळं फोडली तेव्हाच वेगळ्या काढून ठेवलेल्या. कोकमाच्या घरात हे किती सोपं आहे! सोलं वाळत पडतात, रस मुरत पडतो, आणि बिया एरवी मुठेल, म्हणजे त्यांचं घट्ट तेल, करण्यासाठी बाजूला जातात. त्यातल्या मूठभर पिशव्यांत गेल्या की झालं.

सुरंगीचं बी आजींच्या परसातून वेळ झाली की येणार आहे, त्यांनी निरोप द्यायचं कबूल केलं आहे.

१९ मे

आज रायवळच्या कोयी. या कामात मुलं सर्वांत जास्त रमली, कारण कोय कलम (कोयीच्या कोवळ्या रोपावर काडी बांधणं) त्यांच्या अभ्यासक्रमात आहे आणि प्रात्यक्षिक परीक्षेतही असतं. पण कोय येते कुठून याकडे त्यांनी आजवर लक्ष दिलेलं नव्हतं. हापूसचं कलम म्हणजे वर हापूसची काडी आणि खाली रायवळचं रोप. देवगड असो वा रत्नागिरी, बागेतला हापूस रायवळच्या मुळावर उभा आहे. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या मुळावर तो उभा आहे त्या रायवळच्या झाडांची मात्र कुणी यादीही करत नाही. जुनं रायवळ झाड फळांच्या पेट्यांसाठी नाहीतर फळ्यांसाठी जातं, आणि त्यासोबत त्याची चव, त्याचा काटकपणा, सगळं जातं.

म्हणून कोयी सरमिसळ करू दिल्या नाहीत. प्रत्येक झाडाची वेगळी पिशवी, पिशवीवर गाव, जागा, फळाची चव, साल जाड की पातळ, रस किती, लोणच्याचा की आमरसाचा. एका मुलीने तिच्या वाडीतल्या सगळ्या रायवळ झाडांची नावं आजोबांकडून लिहून आणली. प्रत्येक झाडाला नाव होतं: कोणी शेंदऱ्या, कोणी खोबऱ्या. ही यादी प्रकल्पाच्या वहीत पहिल्या पानावर चिकटवली आहे.

१५ जून

पाऊस लागला. राजापूर-देवगडच्या बाजूच्या सड्यावर गेलो. उन्हाळ्यात हा जांभ्याचा कातळ तव्यासारखा तापलेला असतो, आणि आज खाचांमधल्या बोटभर मातीतून दीपकाडी वर आलेली. डिपकॅडी कोंकणेन्स, पांढऱ्या फुलांची, कांद्यापासून उगवणारी, कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवरची. पावसाच्या सुरुवातीला थोडे दिवस फुलते. मुलं गुडघे टेकून बघत होती.

याच सड्यावर आपल्याला पडीक जमीन दिसते. दप्तरी ती पोटखराब, म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून लागते. सुरुंग लावून खड्डे पाडायचे, बाहेरून माती आणायची आणि कलमं लावायची हा इथला रुळलेला मार्ग आहे. त्याने कोकणाला उत्पन्न दिलं, हे नाकारत नाही. पण सड्यावर पडलेलं पाणी सच्छिद्र जांभ्यातून खाली झिरपतं, आणि उतारावरच्या वाड्यांच्या विहिरी त्यावर जगतात. सड्यावरच्या कातळशिल्पांचं नाव २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेलं आहे. माणसांनी हजारो वर्षं ज्या जागेकडे लक्ष दिलं, ती रिकामी कशी म्हणायची?

परतताना एक मुलगा उत्साहाने म्हणाला, "मॅडम, आपली देशी रोपं ऑगस्टमध्ये इथेच लावूया, जागा भरपूर आहे." मी त्याला सांगितलं की इथे झाड लावणं म्हणजे दीपकाडी, गेंद, सीतेची आसवं या सड्यावरच्या फुलांच्या घरावर सावली पाडणं. सड्यावरच्या वनस्पतींना उघडं ऊन, पातळ माती आणि साचलेलं पाणी लागतं. आम्ही उद्यानविद्येची माणसं, मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतात. इथे न लावणं हीच लागवडीची योग्य शिफारस आहे, आणि उद्या सल्लागार म्हणून ती ठामपणे लिहायला त्यांनी शिकावं.

३ जुलै

वर्ग सुरू. मुलांनी घरून रोपं आणली. काही एसटीच्या मागच्या सीटवर, काही वडिलांच्या टेम्पोत. जांभळाच्या काही बियांतून दोन-दोन कोंब आलेले, बहुभ्रूणत्व पुस्तकात वाचलेलं आता पिशवीत दिसलं. सुरंगी अजून वर आलेली नाही, थांबायचं. उंडीचं कवच जाड असतं. ज्या बिया हलकेच फोडून लावल्या त्या आधी उगवल्या, न फोडलेल्या अजून तशाच आहेत. उंडीच्या कडू तेलावर पूर्वी दिवे जळत, लाकूड होड्यांना जाई, आणि खाऱ्या वाऱ्यात हे झाड आनंदाने वाढतं. किनाऱ्याच्या बागेसाठी यापेक्षा चांगलं झाड मला सुचत नाही.

१७ जुलै

आज रोपवाटिकेत कोकमावरून मोठा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि फुलं येईपर्यंत, म्हणजे कितीतरी वर्षं, ते कळत नाही. म्हणून बागेसाठी मृदुकाष्ठ कलम, म्हणजे रोपाच्या कोवळ्या शेंड्यावर मादी झाडाची काडी बांधून, करतात. काडी सरळ वाढणाऱ्या शेंड्याची घ्यावी लागते, आडव्या फांदीची घेतली तर झाड पसरट वाढतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण अमृता, कोकण हातीस ही वाणं कलमांनीच पसरली. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून मागणीही आहे. त्यामुळे वर्गातल्या निम्म्या मुलांचं म्हणणं: आणलेल्या सगळ्या रोपांवर चांगल्या मादी झाडाची काडी बांधा, नाहीतर घेणारा विचारेल, "फळ धरेल ना?"

बाकीच्यांचं म्हणणं: मग सगळीकडे एकच झाड होईल. मालवणच्या रोपाचं आणि कणकवलीच्या रोपाचं वेगळेपण कलमाबरोबर संपेल.

माळीकाका ऐकत होते. ते म्हणाले, "नर नाय ठेवलास तर मादी काय करतली?" कलमांच्या बागेतही थोडी नर झाडं ठेवावी लागतात, हे मुलांना माहीत होतं, पण वाद घालताना कुणालाच आठवलं नव्हतं.

माझा निर्णय असा: जी रोपं शेतकऱ्याच्या बागेत जाणार त्यांवर कलम करायचं, आणि सोबत नराची थोडी कलमं द्यायची. जी रानाच्या कडेला, ओढ्याकाठी, देवराईच्या बाहेरच्या पट्ट्यात जाणार ती बियांचीच राहतील. दोन्ही कामं उद्यानविद्येचीच आहेत. पिशव्यांना दोन रंगांच्या चिठ्ठ्या लावल्या.

३१ जुलै

कर्ली खाडी, ओहोटीच्या वेळी. तिवराची चिखलातून सरळ वर आलेली श्वासमुळं, कांदळाची कमानीसारखी आधारमुळं, मारांडी, हुरा. तिवराचं पान जिभेला लावून मीठ चाखलं. चिप्पीला २०२० साली राज्याचं कांदळवन वृक्ष घोषित केलं, ती खाडीच्या तोंडाकडे. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि लांब कोंब खाली लटकतो. ज्या मुलांनी उन्हाळाभर ओल्या बियांची धावपळ केली, त्यांना ही युक्ती लगेच उमजली: बी सुकायचा प्रश्नच येत नाही.

इथेही लागवडीची सूचना आली, पण सड्यावरच्या त्याच मुलाने आधी विचारलं, "इथे पूर्वी कांदळवन होतं का?" उघड्या चिखलाच्या पट्ट्यात पाणपक्षी चरतात. तिथे कांदळ खोचले तर बहुतेक वेळा रोपंही जगत नाहीत आणि पक्ष्यांची जागाही जाते. भरतीचं पाणी अडलं असेल तर ते मोकळं करणं जास्त उपयोगाचं, तिवर मग आपसूक येतं.

१४ ऑगस्ट

देवराई. गावकरांना आधी भेटलो, त्यांनी मानकऱ्यांना विचारलं, मग होकार आला. चपला बाहेर काढल्या. पडलेली काडीसुद्धा उचलायची नाही, हा नियम मुलांनी पाळला. बी हवं तर राईच्या हद्दीबाहेर पडलेलं. गारंबीचा वेल झाडांवरून झाडांवर गेलेला, सातवीण, जुनी सुरंगी, आणि वरून धनेशाचा आवाज. धनेश वड-उंबराची फळं खातो आणि काजऱ्याचीही, आणि बिया दूर टाकतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात देवरायांच्या नोंदी केल्या, तेव्हा शास्त्राने या जागांकडे नीट पाहिलं. गावांनी त्या राखलेल्या होत्याच.

मसाला पिकांच्या तासाला मुलं जायफळ शिकतात. त्याचे रानटी भाऊबंद दोडामार्गातल्या बांबर्ड्याच्या देवराईत, पाणथळीत उभे आहेत, गुडघ्यासारखी मुळं चिखलाबाहेर काढून. ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित आहे. पुढच्या वर्षी एक दिवस तिकडे काढायचा.

२८ ऑगस्ट

रानमोडी उपटण्याचा दिवस. पावसात माती सैल असते, मुळासकट निघते, आणि फुलण्याआधी काढली की बी पसरत नाही. सुरंगी उगवली! थोडीच, पण उगवली. आजींना फोन केला.

१९ सप्टेंबर

अभ्यासक्रम समितीपुढे टिपण ठेवलं: बी संकलनाचं प्रात्यक्षिक दुसऱ्या सत्रात, एप्रिल-मेमध्ये, आणि सुट्टीत घरी केलेल्या रोपांना गुण. चर्चा बरी झाली, निर्णय पुढच्या बैठकीत.

पहिली रोपं बाहेर पडली. एका ग्रामपंचायतीने किनाऱ्याजवळच्या शाळेसाठी उंडी नेली, एका बागायतदाराने गडग्याकडेने लावायला करवंद आणि अंजनी. नव्या आराखड्यांत एका मुलीने समुद्राकडच्या वाळूत मर्यादवेल दाखवली आहे, मागे केवडा, त्यामागे उंडी. वाळू धरून ठेवायला याहून स्वस्त काही नाही, असं तिने कडेला लिहिलं आहे.

किंजळ मात्र फारच थोडी उगवली. उरलेली फळं कापून पाहिली तर बहुतेक पोकळ, आत गर नाही. या झाडाला हे नेहमीचं आहे. त्यात भाजावळीसाठी, म्हणजे शेतात जाळायला, टाळ (फांद्या) तोडलेल्या झाडांवर फळच कमी धरतं. म्हणून आता गावोगावच्या न तोडलेल्या जुन्या किंजळींची यादी करायला मुलांना सांगितलं आहे. फेब्रुवारीपासून प्रत्येक झाडाची थोडी फळं ब्लेडने कापून बघायची, भरलेली निघाली तरच त्या झाडाचं बी घ्यायचं, आणि एकाच झाडावर न थांबता जमतील तितक्या झाडांचं. यादीत कणकवली आणि सावंतवाडीकडची नावं आली आहेत. मालवणची अजून यायची आहेत.